मागच्या स्पीकरचा पहिला खोका बनवताना

गाडीतल्या मागच्या, सहा-बाय-नऊ इंची स्पीकरसाठी पहिलाच खोका करत असाल, तर तो बंदिस्त प्रकारचाच करा. पोर्टची, म्हणजे खोक्यातल्या हवेसाठी ठेवलेल्या नळीची, गणिते सध्या बाजूला ठेवा. स्पीकरसोबतच्या माहितीपत्रकात किती लिटरचा खोका हवा ते बहुधा दिलेले असते, आणि नवशिक्यांची पहिली चूक तिथेच होते, कारण ते बाहेरची मापे धरतात. १८ मिलिमीटर जाडीच्या एमडीएफचा (लाकडाच्या तंतूंपासून दाबून केलेल्या फळीचा) ४० × ३० × ३० सेंटिमीटरचा खोका बाहेरून ३६ लिटरचा दिसला, तरी आत जेमतेम २५ लिटर जागा उरते आणि त्यातूनही स्पीकरच्या चुंबकाची जागा वजा करावी लागते. डाव्या-उजव्या स्पीकरसाठी स्वतंत्र कप्पे ठेवा.

दुसरी चूक हवेच्या गळतीची. प्रत्येक सांध्याला फेव्हिकॉल आणि स्क्रू दोन्ही हवेत, आतून सिलिकॉन फिरवावे आणि ते पूर्ण वाळल्याशिवाय स्पीकर बसवू नये. एमडीएफच्या कडेला आधी बारीक भोक न पाडता स्क्रू पिळला, तर फळी हमखास फाटते.

जोडणीनंतर बेस पोकळ वाटला, तर अॅम्प्लिफायरला दोष देण्याआधी तारा तपासा: एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे लागले असतील. दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या तारांना क्षणभर लावून पाहा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असेल, तर स्पीकरचा कोन (पुढचा हलणारा पडदा) बाहेर येतो.

खोका डिकीत नुसता ठेवू नका, बोल्टने पक्का करा; मात्र भोक पाडण्यापूर्वी गाडीखाली वाकून पेट्रोलची टाकी कुठे आहे ते पाहाच.