मांडूचे दरवाजे आणि नरबळीची कथा

प्रश्न : धारजवळच्या मांडू गडावरील ‘भंगी दरवाजा’ पाहताना वाटाड्याने त्याच्या पायात नरबळी दिल्याची कथा सांगितली. ती कितपत खरी मानावी? आणि इतके भक्कम दरवाजे असूनही हे शहर वारंवार शत्रूच्या हाती कसे पडले?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दरवाजा टिकावा म्हणून सफाईचे काम करणाऱ्या समाजातील एका माणसाचा येथे बळी दिला, अशी ती आख्यायिका आहे. बांधकाम टिकावे म्हणून माणूस चिणल्याच्या अशा कथा आपल्याकडील कित्येक किल्ल्यांविषयी सांगतात, त्यामुळे केवळ तिच्या आधारे ही घटना इतिहास म्हणून मांडता येणार नाही. मात्र बळी म्हणून लोकांना कोण आठवला, हे त्या दरवाजाच्या नावातच राहिले आहे आणि ती गोष्ट गंभीरपणे घेण्यासारखी आहे.

मांडूची तटबंदी आणि दरवाजे प्रामुख्याने पंधराव्या शतकातील, म्हणजे माळव्याचा सुलतान होशंगशाह घोरी याने राजधानी धारहून येथे आणली त्या काळातील आहेत. काकरा खोहाच्या खोल दरीने हे पठार माळव्यापासून तुटलेले असल्यामुळे सारा बंदोबस्त उत्तरेकडील चढणीवर केला गेला, आणि दिल्ली दरवाजा हे शहराचे मुख्य प्रवेशद्वार झाले. त्याच बाजूचा आलमगीर दरवाजा मात्र औरंगजेबाच्या काळातील दुरुस्तीमुळे ते नाव मिरवतो.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते असे, की हल्लेखोर दरवाजांच्या वाटेला गेलेच नाहीत. 1305 मध्ये अलाउद्दीन खलजीचा सरदार ऐनुलमुल्क मुलतानी हेराने शोधलेल्या वाटेने गडात शिरला आणि परमार राजा महलकदेव मारला गेला. 1531 मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाने सोनगड हा भाग निवडला. तो सर्वांत उंच, म्हणून तेथून कोणी येणार नाही, असे समजून पहारा ढिला ठेवला होता. नेमकी तीच कडा चढून त्याच्या माणसांनी मांडू घेतले. चारच वर्षांनी हुमायूनने वेढा दिला, तेव्हा सुमारे दोनशे मोगल शिपाई रात्री शिड्या लावून मागच्या बाजूने तट चढले आणि त्यांनी दरवाजा आतून उघडला. ज्या सोनगडावरून बहादूरशाह आत आला होता, त्याच सोनगडाचा त्याने आता आसरा घेतला आणि घोडे दोरांनी खाली सोडून मोजक्या माणसांनिशी तो चांपानेरकडे निसटला.

पुढे 1561 मध्ये माळव्याचा सुलतान बाजबहादूर सारंगपूरजवळच्या लढाईत अकबराच्या फौजेकडून हरला आणि पळून गेला, त्यामुळे त्या वेळी मांडूच्या दरवाजांवर लढण्याची वेळच आली नाही.