शब्दशंका : न बोललेलं, पण समजलेलं

प्रश्न (एक वाचक, सांगली): आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या इतिवृत्तात चिटणीसांनी लिहिलं आहे, 'पार्किंगबाबत सभासदांमध्ये अध्याहृत सहमती आहे.' शब्द खटकतो, पण का ते सांगता येत नाही. 'अध्याहृत'चा नेमका अर्थ काय?

उत्तर: खटकायलाच हवा. अध्याहृत असतो तो वाक्यातला शब्द. माणसांमधल्या सहमतीला ते विशेषण लागत नाही. उच्चारलेला नसतो, पण ज्याच्यावाचून वाक्य पुरं होत नाही आणि म्हणून ऐकणारा जो मनात भरून घेतो, तो शब्द अध्याहृत. 'जेवलास का?' यात 'तू' अध्याहृत. 'हे माझं घर' यात 'आहे' अध्याहृत. 'चोराच्या मनात चांदणं' या म्हणीत 'असतं'.

शब्दाची फोड अधि + आ + हृ + त अशी. 'हृ' म्हणजे नेणं, आणणं. अपहृत, आहार हे त्याच धातूचे. तेव्हा मुळात अध्याहृत म्हणजे 'गाळलेला' नव्हे, तर 'बाहेरून आणून ठेवलेला'. आणण्याच्या क्रियेला अध्याहार म्हणतात. मीमांसकांचं, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांचं, नेहमीचं उदाहरण 'द्वारम्' हे आहे. कोणी नुसतं 'दार' म्हटलं की ऐकणारा 'लाव' हा शब्द स्वतः आणतो आणि उठून दार लावतो. आज आपण 'लेखकाने कर्ता अध्याहृत ठेवला' असंही म्हणतो. ते रूढ आहे, त्याला चूक म्हणू नये.

ओळखायची कसोटी शाळेतल्या वाक्यपृथक्करणातलीच. संशयित शब्द कंसात घालून वाक्य पुन्हा वाचा. '(तू) जेवलास का?' व्याकरण नीट बसलं आणि नवी माहिती काही आली नाही, तर तो शब्द अध्याहृत. कंसातल्या शब्दाने काही नवीनच सांगितलं, तर प्रकरण वेगळं आहे. ते पुढच्या प्रश्नात येतं.

इतिवृत्त लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र जपावी. मराठीत कर्ता सहज गाळता येतो, कारण पुष्कळदा क्रियापदाचा प्रत्यय त्याची खूण ठेवतो. 'जेवलास'मधल्या 'स'वरून 'तू' कळतो, आधीच्या 'ला'वरून तो पुरुष आहे हेही कळतं. पण कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माच्या मागे जातं आणि ही खूण पुसली जाते. 'दुरुस्तीचे पैसे दिले.' कोणी? खजिनदाराने, संस्थेने, की ठेकेदाराने परत दिले? 'दिले' हे फक्त 'पैसे' या शब्दाशी जुळलं आहे. सभेला हजर असलेल्याला त्या दिवशी ते कळतं, तीन वर्षांनी दप्तर तपासणाऱ्याला कळत नाही. लेखी कामकाजात भूतकाळी कर्मणी वाक्याचा कर्ता कधीही अध्याहृत ठेवू नका.

तुमच्या वाक्याबद्दल: विषय सभेपुढे मांडला आणि कोणी बोललं नाही, तर 'मूक संमती' म्हणता येईल. विषय कधी मांडलाच नाही, पण जो तो आपापल्या जागी गाडी लावत आला, तर ती 'अलिखित समजूत'. दोन्हींत मोठा फरक आहे. त्यातही इतिवृत्तात 'विषय मांडला. कोणीही हरकत घेतली नाही' असं घडलेलं लिहिणं सगळ्यांत चांगलं.

प्रश्न (एक शिक्षिका, मुंबई): 'लेकी बोले सुने लागे' या म्हणीतलं सुनेला लागणारं बोलणं अध्याहृत म्हणावं की ध्वनित?

उत्तर: ध्वनित, म्हणजे न म्हणता सुचवलेलं. सासू लेकीला म्हणते, 'अगं, दुपार टळली तरी भांडी तशीच!' यात 'आहेत' अध्याहृत आहे. 'सूनबाई, उठ आता' हे ध्वनित आहे. एकाच वाक्यात दोन्ही आहेत, म्हणून विद्यार्थ्यांना शिकवायला हे उदाहरण फार सोयीचं. 'आहेत' घातल्याने वाक्य फक्त पुरं होतं. 'सूनबाई, उठ' हे मात्र वेगळंच वाक्य आहे, ते कंसात बसत नाही. शिवाय सुनेने जाब विचारला तर 'मी तुला कुठं काय म्हटलं?' असं सासूला म्हणता येतं. 'आहेत' मात्र तिला नाकारता येणार नाही. अध्याहृत अंगाला चिकटलेलं असतं, ध्वनित झटकता येतं.

संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने 'काव्यप्रकाश' या ग्रंथात दिलेलं 'सूर्य मावळला' हे उदाहरणही वर्गात घ्या. गुराख्याला त्यातून 'गुरं परत वळवू या' ऐकू येतं, दुकानदाराला 'माल आवरा'. शब्द तेच राहतात, ध्वनी ऐकणाऱ्यागणिक पालटतो. अध्याहृत शब्दाचं असं होत नाही.

प्रश्न (एक वाचक, न्यू जर्सी): दोन भावांत आईच्या औषधपाण्याचं न बोलता ठरून गेलेलं होतं. अशा ठिकाणी 'संगनमत' चालेल का?

उत्तर: अजिबात नको. संगनमत म्हटलं की तिसऱ्याचं नुकसान करायला दोघं आतून मिळालेले, असाच अर्थ मराठी कान घेतो. भावांबद्दल 'दोघांत न बोलता ठरलेलं होतं' हेच लिहा. क्रियापद वापरलं की बिघडत नाही. नामाचा हट्ट धरला की भलता शब्द गळ्यात पडतो. कायद्याच्या लिखाणात 'गर्भित' शब्द शोभतो. पुण्यात रिक्षात बसून नुसतं 'स्वारगेट' म्हटलं आणि चालकाने मीटर पाडला, तर '(मला) स्वारगेट(ला सोडा)' यातले शब्द अध्याहृत. आणि उतरताना मीटरप्रमाणे भाडं देईन हे वचन गर्भित. भारतीय करार कायदा, 1872 याच्या 9व्या कलमात हाच भेद आहे: शब्दांनी दिलेलं वचन व्यक्त, शब्दांवाचून दिलेलं गर्भित.

प्रश्न (एक मुद्रितशोधक, नाशिक): 'गृहित' की 'गृहीत'? आणि 'अध्याह्रत' कुठे कुठे दिसतं, ते बरोबर का?

उत्तर: 'गृहीत', दीर्घच. 'अध्याह्रत' चूक, 'हृदय'मधला 'हृ' हवा. अर्थही वेगळे ठेवा. 'दूधवाला पुन्हा उशिरा आला' यात तो आधीही उशिरा आला होता हे गृहीत आहे. 'दूधवाला पुन्हा उशिरा आला का?' असं विचारलं तरी ते तसंच राहतं. प्रश्न केल्यावरही जे टिकतं ते गृहीत.

प्रश्न (एक वाचक, सोलापूर): गुरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरतो. तिथे काय अध्याहृत?

उत्तर: काहीच नाही. त्या सौद्यात बोट हाच शब्द असतो. दाबलेल्या प्रत्येक बोटाला ठरलेला आकडा आहे आणि तो बोलूनच दाखवलेला आहे, फक्त तोंडाने नव्हे. तिला सांकेतिक भाषा म्हणावं. शेतमालाच्या बाजारात या रीतीला हत्ता पद्धत म्हणत. नियमित बाजार समित्यांत तिच्या जागी उघड लिलाव आला.