काळे आधी की कावळे आधी?

प्रश्न : १९८२ च्या संपानंतरच्या गिरणगावातील कुटुंबांवर मी लिहिलेला इंग्रजी शोधनिबंध एका नियतकालिकाने ‘संदर्भ आमच्या पद्धतीनुसार नाहीत’ एवढ्याच शेऱ्यासह परत पाठवला. त्यांची पद्धत एपीएच्या, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखन-संदर्भ नियमांच्या, सातव्या आवृत्तीची आहे. माझे निम्मे संदर्भ मराठी आहेत : जुनी पुस्तके, दिवाळी अंक आणि मी स्वतः घेतलेल्या मुलाखती. हे सारे त्या चौकटीत कसे बसवावे?
— एक प्राध्यापिका, परळ

उत्तर : हा शेरा म्हणजे नकार नव्हे. बहुतेक वेळा तपासनिसांकडे निबंध जाण्याआधीच कार्यालयात संदर्भसूची चाळली जाते आणि तिथेच तो अडतो. आपण सोबत पाठवलेली यादी पाहता अडचण दोन-तीन ठिकाणीच आहे.

ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीने प्रकाशनस्थळ काढून टाकले. त्यामुळे प्रत्येक प्रकाशकाच्या आधी आपण लिहिलेले ‘मुंबई’ गाळावे. तीन किंवा अधिक लेखक असतील तर मजकुरात पहिल्याच उल्लेखापासून पहिले आडनाव आणि पुढे ‘आणि इतर’ या अर्थाचे संक्षिप्त रूप द्यायचे असते. सूचीत मात्र वीस लेखकांपर्यंत सर्वांची नावे येतात. आपण मजकुरात पाच नावे आणि सूचीत एकच, असा नेमका उलटा कारभार केला आहे.

मराठी पुस्तकाचे शीर्षक रोमन लिपीत, तिरप्या टाइपात लिहावे आणि त्यापुढे चौकटी कंसात त्याचा इंग्रजी अर्थ साध्या टाइपात द्यावा. लिप्यंतराची एकच रीत शेवटपर्यंत पाळावी. आपल्या यादीत सावंत हे आडनाव एका नोंदीत ‘डब्ल्यू’ने आणि दुसरीत ‘व्ही’ने आले आहे, त्यामुळे मराठी न जाणणाऱ्या वाचकाला ते दोन वेगळे लेखक वाटतील. लेखक स्वतः इंग्रजीत आपले नाव ज्या रीतीने लिहीत असेल, ती रीत मात्र आपल्या नियमात बसत नसली तरी तशीच ठेवावी.

शहराच्या पार्श्वभूमीसाठी आपण गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ घेतले आहे आणि वर्ष १८६३ दिले आहे. ते पहिल्या आवृत्तीचे वर्ष झाले. आपल्या हातात होती ती नंतरची आवृत्ती. अशा वेळी मजकुरात दोन्ही वर्षे तिरकी रेघ देऊन लिहावीत, आधी १८६३ आणि मग आपण वाचलेल्या आवृत्तीचे. पृष्ठांक मात्र हातातल्या प्रतीचाच असावा, कारण वाचक त्या पानावर गेला तर ते वाक्य त्याला तिथे सापडले पाहिजे. विद्यार्थिदशेत मी फोर्टमधल्या एका ग्रंथालयात दिवसभर बसून वहीभर उतारे उतरवले आणि एकाही उताऱ्याखाली पान लिहिले नाही. त्या आळसापोटी पुढे तीन शनिवार लोकलने पुन्हा तेथे जावे लागले. आता पानाचा फोटो काढता येतो, पण त्या फोटोत पानाचा आकडा येईल आणि त्याच्या आधीचा फोटो मुखपृष्ठाच्या आतील माहितीचा असेल, एवढे पाहावे. जे पुस्तक आपण पाहिलेच नाही, दुसऱ्याच्या लेखात त्यातला उतारा वाचला, ते मूळ पुस्तक सूचीत घालू नये. सूचीत तो दुसरा लेख यावा आणि मजकुरात ‘अमुक यांनी उद्धृत केल्यानुसार’ असे म्हणावे.

दिवाळी अंकांना पुष्कळदा खंड-क्रमांक नसतो. नसलेला आकडा अंदाजाने भरण्यापेक्षा ‘दिवाळी अंक’ हेच शब्द अंकाच्या जागी ठेवावेत, असे माझे मत आहे.

मुलाखतींबाबत सर्वांत जास्त गोंधळ होतो. संशोधनासाठी आपण ज्यांच्या मुलाखती घेतल्या, त्या एपीएच्या दृष्टीने आपली सामग्री आहे, संदर्भ नव्हे. त्यांना सूचीत स्थान नाही. त्यांचे वर्णन संशोधनपद्धतीच्या भागात करावे आणि मजकुरात टोपणनावाने किंवा ‘साचेखात्यातील एक निवृत्त कामगार’ अशा ओळखीने त्यांचे बोलणे उद्धृत करावे. आपल्या यादीत अकरा कामगारांची पूर्ण नावे चाळीच्या पत्त्यांसह आहेत, ती आजच काढावीत. फोनवर वा ईमेलवर एखाद्या जाणकाराने दिलेली माहिती ‘व्यक्तिगत संपर्क’ म्हणून तारखेसह फक्त मजकुरात येते. एखाद्या संग्रहात जतन केलेली, कोणालाही ऐकता येणारी मुलाखत मात्र सूचीत द्यावी लागते.

प्रश्न : मराठी नियतकालिकासाठी सूची अकारविल्हे लावायची होती. संगणकाने ‘काळे’ हे नाव ‘कावळे’च्या आधी घातले. मार्गदर्शक बाई म्हणतात हे चूक आहे. शिवाय जुन्या पुस्तकांवर शके आहे, त्याचे काय करावे?
— एक संशोधक विद्यार्थी, मुलुंड

उत्तर : बाईंचे म्हणणे बरोबर आहे. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो; युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या संकेतांक-यादीत, मात्र त्याला ‘ल’च्या लगेच पुढची जागा मिळाली आहे, आणि केवळ संकेतांकांच्या क्रमाने यादी लावणारे साधन त्यालाच धरून चालते. वर्णमालेने कालेलकर, कावळे, काशीकर आणि मग काळे असा क्रम लागतो. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांना शेवटी ठेवायचे की ‘क’ आणि ‘ज’खाली, याविषयी दोन्ही चाली रूढ आहेत, त्या नियतकालिकाचा मागील अंक उघडून पाहावा.

शक वर्षात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, पण शक वर्ष चैत्रात सुरू होते, म्हणून १ जानेवारीनंतरच्या महिन्यांसाठी ७९ मिळवावे लागतात. माघ शके १८२० म्हणजे १८९९, १८९८ नव्हे. पुस्तकावर महिना नसेल तर छापलेले शक वर्ष तसेच ठेवून कंसात १८९८-९९ असे लिहावे. आणखी एक : सूचीत ‘तत्रैव’ (म्हणजे ‘वरच्याच ग्रंथात’) वापरू नये. ते तळटीपांचे साधन आहे, आणि तिथेही मध्ये नवी टीप घुसवली की ते भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवू लागते.

प्रश्न : वैद्यकीय नियतकालिकासाठी क्रमांकित संदर्भ हवे आहेत. एक परिच्छेद वाढवला आणि पुढचे तीस आकडे बदलावे लागले. काही नोंदी मी चॅटजीपीटीकडून करून घेतल्या आहेत. त्या चालतील का?
— एक निवासी डॉक्टर, शीव

उत्तर : ही व्हँकुव्हर पद्धत, १९७८ मध्ये वैद्यकीय संपादकांची त्या शहरात बैठक झाली, त्यावरून हे नाव पडले. मजकुरात संदर्भ ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने त्यांना आकडे मिळतात, त्यामुळे ते हाताने घालणे म्हणजे डोकेदुखी ओढवून घेणे. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारे मोफत साधन वर्डला जोडले की आकडे आपोआप सरकतात. त्यात भरलेली माहिती मात्र एकदा डोळ्यांखालून घालावी. संपूर्ण कॅपिटल अक्षरांत आलेली शीर्षके तशीच सूचीत उतरतात. सहापेक्षा अधिक लेखक असतील तर या पद्धतीत सहसा पहिली सहा नावे देऊन पुढे ‘आणि इतर’ येते. काही नियतकालिके तीनच मागतात.

चॅटजीपीटीकडून आलेली नोंद दिसायला निर्दोष असते. लेखक खरा, नियतकालिक खरे, आणि तसा लेखच अस्तित्वात नाही, असे घडते. प्रत्येक नोंदीचा डीओआय, म्हणजे लेखाची कायमची ओळख असलेला, १० या आकड्याने सुरू होणारा क्रमांक, ब्राउझरमध्ये उघडून पाहावा आणि समोर आलेले शीर्षक आपल्या शीर्षकाशी अक्षरशः ताडावे. तो भलत्याच लेखावर गेला किंवा उघडलाच नाही, तर पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत शीर्षकाने शोधावे आणि तिथेही न सापडल्यास त्या नोंदीसह तिच्यावर आधारलेले वाक्यही काढावे. शेवटी झोटेरोचे दुवे तोडून साधा मजकूर करण्यापूर्वी फाइलची जोडलेली प्रत वेगळी ठेवावी. तपासनिसांच्या सूचना आल्यावर तीच लागते.