गोकर्णाचं बी रुजत नाही. फुलं नुसती शोभेची की खाण्या-औषधाचीही?

कुंडीत टोचलेलं बी फुकट गेलं असं समजू नका. तुम्ही लिहिलंय की पाकिटातल्या बिया तशाच कोरड्या पेरल्या, रोज पाणी घातलं, तरी तीन आठवड्यांत कोंब नाही. गोकर्णाचं असंच असतं. सालपट इतकं कडक असतं की पाणी आत शिरतच नाही. माती उकरून बघा. बी अजून टणक आणि गुळगुळीत असेल तर ते जिवंत असण्याचीच शक्यता जास्त. मऊ पडून दाबल्यावर फुटलं, तरच गेलं म्हणायचं.

बी जवळून पाहिलंत तर एका कडेला छोटासा डोळा दिसेल, शेंगेला ते जिथे चिकटलेलं असतं तो. कोंब त्याच्याजवळूनच फुटतो, म्हणून तो भाग सोडायचा आणि विरुद्ध बाजू पॉलिश पेपरवर घासायची. आतला फिकट रंग दिसला की थांबा. मग रात्रभर साध्या पाण्यात भिजत ठेवा. सकाळी काही बिया टम्म फुगलेल्या असतात, काही होत्या तशाच. फुगलेल्या लगेच पेरा, बाकीच्या पुन्हा घासून भिजवा. दिवसभरापेक्षा जास्त मात्र पाण्यात ठेवू नका, कुजतात.

साधारण 1 सेंमी खोल, आणि थेट कायमच्या कुंडीतच पेरा. मूळ सरळ खाली जातं, नंतर उपटून हलवलेलं त्याला सोसत नाही. हवा उबदार असेल तर एक-दोन आठवड्यांत रोप वर येतं. थंडीत पेरण्याच्या नादी लागू नका.

पुढे फार लाड लागत नाहीत. पाच-सहा तास ऊन, पाण्याचा निचरा होणारी माती, आणि रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा म्हणजे फांद्या फुटतात. या वेलाला ताणे नसतात, खोडच आधाराभोवती वेढे घेत चढतं. म्हणून सुतळी किंवा बारीक तार बांधा. जाड खांबाला त्याला नीट वेढे घेता येत नाहीत. खत घालताना हात आखडता ठेवा. हा शेंगवर्गातला वेल, मुळांवरच्या गाठींतले जिवाणू त्याला हवेतला नत्र पुरवतात. वरून नत्र ओतलात तर नुसता पाला माजेल आणि तुम्ही फुलांची वाट बघत बसाल.

आता खाण्याचं. फूल एक दिवसाचं, तेव्हा सकाळी उमललेलं ताजंच खुडा. देठाकडचा हिरवा भाग काढा आणि पाकळ्यांच्या आत बारीक किडे नाहीत ना ते बघा, असतात बरेचदा. सावलीत पसरून चुरचुरीत होईपर्यंत वाळवायची आणि घट्ट झाकणाच्या बरणीत भरायची. कपभर गरम पाण्यात चार-पाच फुलं टाकली की मिनिटभरात पाणी गर्द निळं होतं. त्यात लिंबू पिळलं की डोळ्यांदेखत जांभळं. चव म्हणाल तर जवळजवळ नाहीच, किंचित कच्च्या शेंगेसारखी. मी ही फुलं रंगासाठी वापरते, सरबतात, बर्फाच्या खड्यांत. चहा म्हणून त्यांचं जे कौतुक चालतं ते मला तरी पटलेलं नाही.

औषधाबद्दल जरा जपून. आयुर्वेदात हीच अपराजिता, बुद्धिवर्धक म्हणून सांगितलेली. पण तिथे मूळ आणि बीही वापरतात आणि ती दोन्ही रेचक आहेत. वाचून घरच्या घरी काढे करण्यातला हा प्रकार नाही, वैद्याला विचारूनच. गरोदरपणात तर नकोच. फुलांबाबतही एकमत नाही. अमेरिकेच्या एफडीएने 2021 मध्ये फुलांच्या अर्काला खाद्यरंग म्हणून परवानगी दिली, तर युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2022 मध्ये वाळवलेल्या फुलांवर हरकत घेतली. कारण सायक्लोटाइड, म्हणजे किडींपासून बचावासाठी वनस्पती बनवते ते छोटे प्रथिनांश. म्हणून अधूनमधून कपभर, यापुढे मी जात नाही.

घरात लहान मूल असेल तर शेंगा पिकायच्या आधीच खुडून टाका, आतल्या बिया पोटात गेल्या तर जुलाब-उलट्या होऊ शकतात. पुढच्या पेरणीला बी हवंच असेल तर दोन-चार शेंगा मुलाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर राहू द्या आणि तपकिरी झाल्या की लगेच काढा, उशीर केलात तर पीळ पडून फुटतात आणि बिया कुठेही उडतात.