250 ग्रॅम मैदा म्हणजे नेमके किती कप? 250 मिलीचा एक कप धरला तर चालेल का?

नाही चालणार, जवळजवळ निम्म्याचा फरक पडेल. 240 मिलीच्या कपात साधारण 120 ते 125 ग्रॅम मैदा बसतो, म्हणजे तुमच्या 250 ग्रॅमला दोन कप लागतील, आणि एकच घातलात तर केकचं मिश्रण इतकं पातळ होईल की तो नीट उभाच राहणार नाही. जितके मिली तितकेच ग्रॅम हे गणित पाण्याचं आहे, दुधालाही चालून जातं, पण बाकी प्रत्येक जिन्नसाचा हिशोब वेगळा. त्याच कपात साखर 200 ग्रॅम बसते, लोणी 227 च्या आसपास, तेल त्याहून थोडं कमी, आणि मध तर चक्क 340 ग्रॅम! त्यामुळे एखाद्या तक्त्यात सगळ्या जिन्नसांना एका कपाचे सारखेच ग्रॅम दिलेले दिसले तर तो तक्ता सरळ बंद करा.

मैद्याचं जरा नीट सांगते, कारण खरा घोळ तिथेच होतो. डब्यात कप खुपसून मैदा उपसला की तो दाबला जातो आणि त्याच कपात 140-150 ग्रॅमपर्यंत जातो, चाळून भरला तर 115 च्या आसपासच भरतो. म्हणजे दोघांनी तेच दोन कप घातले तरी एकाच्या भांड्यात 50-60 ग्रॅम मैदा जास्त असू शकतो, मग एकाचा केक मऊ आणि दुसऱ्याचा कोरडा, आणि बिचाऱ्या रेसिपीला नावं ठेवली जातात. वजनकाटा नसेल तर मैदा आधी चमच्याने मोकळा करा, चमच्यानेच कपात भरा, कप आपटू नका, दाबू नका, आणि वरचा ढीग सुरीच्या पाठीने सपाट करून घ्या. असं केलं की 120-125 च्या जवळ येतं.

दुसरं म्हणजे कप कुठला ते बघा. अमेरिकन कप साधारण 237 मिलीचा (पाकिटावरच्या माहितीत 240 धरतात), ऑस्ट्रेलियात 250 चा, जपानमध्ये 200 चा. टेबलस्पून बहुतेक ठिकाणी 15 मिलीचा पण ऑस्ट्रेलियन 20 चा असतो, बेकिंग पावडरच्या बाबतीत हा फरक जाणवतो बरं का. तुमचा कप किती मिलीचा आहे ते कळत नसेल तर रिकामा कप काट्यावर ठेवून शून्य करा, काठोकाठ पाणी भरा, जितके ग्रॅम दिसतील तितके मिली.

माझं मत विचाराल तर साधा डिजिटल काटा घ्याच. भांडं ठेवायचं, शून्य करायचं, मैदा घालायचा, परत शून्य, साखर, परत शून्य, लोणी, मोजायला एकही कप खराब होत नाही. मधासाठी तर उलटं करा, अख्खी बाटली काट्यावर ठेवून शून्य करा आणि मध ओतून बाटली परत ठेवा, उणे जो आकडा दिसेल तितका मध भांड्यात गेला.

फक्त मीठ, सोडा, यीस्ट असं चिमूटभराचं काम काट्यावर नको, घरगुती काटे एकेक ग्रॅमने पुढे सरकतात, 2-3 ग्रॅमला त्यांचा भरवसा नाही, तिथे टीस्पूनच बरा. बारीक मीठ एका टीस्पूनमध्ये साधारण 6 ग्रॅम बसतं, जाडं मीठ त्याच चमच्यात बरंच कमी भरतं कारण मध्ये पोकळी राहते, म्हणून रेसिपीत कुठलं मीठ सांगितलंय ते वाचूनच घाला.

आणि ब्रेड करणार असाल तर कप बाजूलाच ठेवा. तिथे पाणी मैद्याच्या वजनाच्या टक्क्यात सांगतात, 65 टक्के म्हटलं की 500 ग्रॅम मैद्याला 325 ग्रॅम पाणी, आणि हे प्रमाण थोडंसं हललं तरी कणीक हाताला चिकटायला लागते किंवा घट्ट होऊन बसते.