घाटावर नुसता बसणारा मुलगा

प्रश्न : आम्ही सांगलीत राहतो. मुलगा बारावीत आहे. चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांत ए ग्रेड. बीएफएला, म्हणजे कलेच्या पदवीला जायचं म्हणतो, म्हणून त्याच्या प्रवेशपरीक्षेचा, सीईटीचा क्लास आहे, रेखाटनाचा वेगळा. तरी रविवारी दोन-दोन तास कृष्णेच्या घाटावर नुसता बसून येतो. विचारलं की म्हणतो, 'बघत होतो.' रविवारीही क्लास लावावा का?

उत्तर : ताई, नका लावू.

स्मरणचित्राचा पेपर त्याने इंटरमिजिएटला दिलाय, प्रवेशपरीक्षेतही तो असतो. विषय येतो भाजी मंडईचा, नाहीतर एसटी स्टँडचा. समोर काहीच नसतं. जे डोळ्यांनी आधी साठवलंय तेवढंच कागदावर येतं. साठवायला मोकळा वेळ लागतो. पोतं पाठीवर घेताना हमाल मान कुठे वळवतो, ओली साडी पिळणाऱ्या बाईचे कोपर कसे येतात, हे फळ्यावर शिकवता येत नाही. क्लासमध्ये मंडईचं तयार चित्र घोटून घेतात. मग वीस मुलांच्या मंडईत डावीकडे तीच फाटकी छत्री आणि तिच्याखाली तीच आजी! मी अशी चित्रं इतकी पाहिलीत, की आजी आता ओळखीची झालीय.

संकल्पचित्र, म्हणजे डिझाइन, वेळेत पुरं करणं मात्र घड्याळ लावूनच जमतं. त्यासाठी आहेत ते दोन क्लास पुरेत. सीईटीतल्या सामान्यज्ञानाच्या पेपरला रोज अर्धा तास काढायला सांगा. तिथे चांगली चित्रं काढणारी मुलंही मार्क घालवतात.

पुढचाही विचार करा. बीएफए चार वर्षांचं. मुंबईत जे.जे. कला महाविद्यालयाची मुलं जवळच्या सीएसएमटी स्टेशनवर स्केचबुक घेऊन बसलेली दिसतात, तो अभ्यासच असतो. सांगितलं तेवढंच काढायची सवय लागलेली मुलं तिथे 'विषय तुम्हीच निवडा' म्हटल्यावर अडतात.

एक गोष्ट जरूर बघा : घाटावर मोबाइल खिशात असतो की हातात? हातात असेल, तर तुमची तक्रार रास्त आहे. खिशात असेल, तर सोबत एक छोटी वही द्या आणि घरी आल्यावर ती तपासू नका. कधी कोरीच परत येईल, चालतं.

सीईटीच्या अर्जाची तारीख मात्र तुम्हीच लक्षात ठेवा. ती त्याच्या भरवशावर नको.