दूध तोडायच्या आधी, दुखतं कधी ते बघ

खानापूरची एक लेक सध्या स्कॉटलंडमध्ये असते. मुलगा वीस महिन्यांचा आहे आणि अजून अंगावर पितो. तिने लिहिलंय, "तीन आठवडे झाले, पाजून झालं की बोंडात कुणी सुई खुपसल्यागत होतंय. डोळ्यांत पाणी येतंय. आई फोनवर म्हणते, कडूनिंब लाव आणि तोड आता. मला अजून तोडायचं नाही. काय करू सांगा की."

बाई गं, आधी एक सांगते. वीस महिन्यांच्या लेकराला पाजण्यात काहीही चूक नाही. जागतिक आरोग्य संघटनाही दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजावं असंच सांगते, आणि आपल्याकडच्या आज्ज्या ते कुणी न सांगता करत आल्या. पण म्हणून दुखणं गिळत बसू नकोस. इतके महिने सुरळीत पाजल्यावर अचानक दुखायला लागलं, तर त्याला कारण असतं आणि बहुतेक वेळा ते सापडतं. त्यासाठी दोन दिवस एवढंच बघ: दुखतं ते तोंडात घेताना, पिताना, की सोडल्यावर?

तुझ्या पत्रात एक वाक्य जाता जाता आलंय, त्यावरच मी थांबले. "सोडल्यावर बोंड फिकं पडतं, मग जांभळं होतं." थंडीने किंवा दाबाने तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या की असं होतं. रक्त थांबतं तेव्हा रंग उडतो आणि परत येताना आग होते, ठणका लागतो. डॉक्टर याला रेनॉड म्हणतात. आपल्या सावळ्या अंगावर ते पांढरंफटक दिसत नाही, राखाडी छटा येते, म्हणून पटकन लक्षात येत नाही. हिवाळ्यात तुझी बोटंही अशी पांढरी पडत असतील तर तेही डॉक्टरांना सांग. मला हे इंग्लंडात, लीड्समधल्या पहिल्या हिवाळ्यात झालं. एका डॉक्टरांनी बुरशीचं मलम दिलं, मी महिनाभर ते लावत राहिले आणि फरक शून्य. शेवटी एकदा अंघोळीनंतर गार बाथरूममध्ये उभी असताना रंग बदलताना माझ्याच डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा उलगडलं. तू फोनवर फोटो काढून ठेव. तपासायला जाशील तोवर रंग परत आलेला असतो.

यावर उपाय म्हणजे ऊब, तीही कोरडी आणि ताबडतोब. त्याने सोडलं रे सोडलं की तळहात घट्ट ठेव, लगेच कपडा ओढून घे, वारा लागू देऊ नकोस. बाळंतपणात आज्जी शेगडीवर कापड धरून शेक द्यायची ना, तसाच हलका शेक, फक्त शेगडीऐवजी इस्त्रीवर गरम केलेलं सुती फडकं. आधी ते मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघ. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर त्या धुरापासून लांब राहा, कॉफीही कमी करून बघ. एवढ्याने थांबलं नाही तर यावर गोळ्या आहेत, पाजणाऱ्या आईलाही देता येतात, पण त्या डॉक्टरांनीच द्यायच्या.

नुसती ऊब पुरत नाही, कारण वाहिन्या आवळायला बऱ्याचदा लेकराची पकडच कारण होते. 16 ते 22 महिन्यांत सुळे येतात आणि हिरड्या शिवशिवतात. नीट पिताना जीभ खालच्या दातांवर असते, त्यामुळे चावा बसत नाही. चावा बसतो पिणं संपल्यावर, नुसतं चघळत पेंगताना. तेव्हा घोट थांबले की करंगळी ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकव, पकड सुटली की मग काढ. ओढून काढलंस तर कातडी सोलते. चावलाच तर पोटाशी जवळ घे, नाक किंचित दबलं की तो आपणच तोंड उघडतो, लगेच सैल सोड. मी एकदा किंचाळले होते, तर माझी पोर दिवसभर जवळ आली नाही.

या वयात पोरं उलटी-सुलटी होऊन, पाय भिंतीला लावून पितात, वर दुसऱ्या हाताने दुसरं बोंड चिमटत बसतात. तो हात धरून ओढणीचं टोक हातात दे. चिवडा-भडंग खाऊन लगेच प्यायला आला तर दोन घोट पाणी पाज, तिखट-मिठाचा कण चिरलेल्या जागी फार झोंबतो. आता तो समजण्याच्या वयाचा आहे. "आईला दुखतंय, मोठ्ठा आ कर" म्हण आणि स्वतः आ करून दाखव. फार दुखत असेल तेव्हा दहा मोजेपर्यंतच पाजायचं. एक ते दहा मराठीत, ठसक्यात. आमच्याकडे पोर आकडे त्यातूनच शिकली.

पाळी चुकली आहे का, तेही बघ. पाजणाऱ्या बाईला दिवस गेल्याची पहिली खूण कधी कधी हीच असते. पाळीच्या आधीही दोन-चार दिवस दुखतं, ते आपोआप जातं. अँटिबायोटिक घेतल्यावर दोन्हीकडे आग होत असेल आणि लेकराच्या तोंडात न पुसणारे पांढरे ठिपके असतील, तर ती बुरशी, मग औषध दोघांनाही एकदमच.

ताप आला, छातीचा भाग लाल-कडक झाला, रक्त आलं किंवा गाठ लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर. एकाच बोंडावर इसबासारखी खपली दोन-तीन आठवडे बरी होत नसेल तर दाखवच. स्तनाच्या कॅन्सरचा एक दुर्मीळ प्रकार असा दिसतो. तुमच्याकडे हेल्थ व्हिजिटर, म्हणजे लहान मुलांच्या तब्येतीवर लक्ष ठेवणारी नर्स, मूल शाळेत जाईपर्यंत असते, तिला आधी बोलाव, पकड तिच्या डोळ्यांसमोर दाखव.

कडूनिंब नको, कोरफड नको, आणि बिब्ब्याचं कुणी नाव काढलं तर फोन ठेवून दे, त्याने कातडी भाजते, फोड येतात. चिरलेल्या जागी स्वतःच्या दुधाचा थेंब नाहीतर लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतून काढलेलं मलम) पुरे. तोडायचंच ठरलं तर एक वेळ कमी कर, काही दिवस जाऊ दे, मग दुसरी. रात्री उठला की बाबाने उचलावं. एकदम तोडलंस तर छाती भरून गाठी होतात.

आईचा जीव तुझ्यासाठी तुटतोय, म्हणून ती तसं म्हणते. तिला काम दे. उन्हाळ्यात कुणी बेळगावहून येणार असेल तर त्यांच्याबरोबर आज्जीच्या जुन्या शहापुरी लुगड्याचे चार तुकडे मागव, धुऊन धुऊन मऊ झालेले. शेकायला तसलं फडकं तिकडे दुकानात मिळायचं नाही.